पाणचक्कीवरची उलटी चप्पल

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. पाल, वीज, उसाची ट्रॉली, लिफ्ट, अवेळी वाजणारा फोन, या सगळ्यांना मी भिते. माहेरी वाईला आमचं घर भर पेठेत. तिथं भिण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यामुळे मी किरकोळ गोष्टींवर भागवत होते. लग्न करून या घरात आले आणि माझ्या भीतीला एकदाची ऐसपैस जागा मिळाली.

या घराची पाणचक्की आहे. कृष्णेवर बांध घालून गोऱ्या साहेबाच्या काळात एक कॅनॉल काढलेला आहे. साताऱ्याकडून सांगलीकडे जाताना तो आमच्या शहराच्या मधून जातो. आता त्याच्या दोन्ही अंगांना मोबाइलची दुकानं, क्लासेस, वडापावच्या गाड्या झाल्या आहेत. पण स्टँडच्या मागं, जिथं कॅनॉल वळण घेतो, तिथं चिंचेच्या झाडाखाली आमची दगडी चक्की जुन्या जागी उभी आहे आणि अजून दळते. इंजिनिअरिंगची मुलं दरवर्षी तिची मापं घ्यायला येतात, फोटो काढतात, कपड्यांना पीठ लागलं की कुरकुरतात आणि चहा पिऊन जातात.

ती चालते कशी ते सांगायला हवं, कारण माझी सगळी भीती त्या रचनेतच आहे. कॅनॉलच्या काठाला एक दगडी चौथरा आहे. त्यात एक लोखंडी दार, आणि दार वर-खाली करायला हँडल. दार उचललं की पाणी उतरत्या दगडी नळीतून धावत चक्कीच्या पोटात जातं. तिथं जमिनीखाली कमानीची एक ठेंगणी खोली आहे. तिला आमच्याकडं 'खालचं घर' म्हणतात. खालच्या घरात एक आडवं लाकडी चाक आहे. पाण्याचा मारा बसला की ते फिरतं, आणि त्याच्या मधला लोखंडी दांडा छतातून वर येऊन चक्कीचा वरचा दगड फिरवतो. काम झालेलं पाणी कमानीतून मागच्या ओढ्याला निघून जातं. वर पीठ, खाली पाणी, मध्ये एक फरशी. लग्नानंतर पहिल्यांदा त्या फरशीवर पाय ठेवला तेव्हा तळपायाला लागलेली थरथर गुडघ्यापर्यंत चढली, आणि ती पुरती उतरली असं मला आजही म्हणता येत नाही.

चक्कीच्या दारात उभं राहिलं की चौथरा समोर, थोडा चढावर दिसतो. पण पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून हातानं खुणा करायच्या. हात वर केले की दार अजून वर घ्यायचं. तळवे खाली दाबले की दार बंद. लहान पोरांनाही या खुणा येतात.

खालच्या घरात गाळ साचतो. शहर कॅनॉलमध्ये काय काय सोडतं त्याचा हिशेब नाही. निर्माल्य, पिशव्या, नारळ, एकदा तर अख्खी उशी आली होती. चाक अडखळायला लागलं की कुणीतरी दार बंद करून ओढ्याच्या बाजूनं, कमानीतून वाकून आत जायचं आणि ते मोकळं करायचं. आत गेलेला माणूस कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज बाहेर येत नाही, आणि दार तर तिकडं वर. म्हणून या घराची एक रीत आहे. खाली जाणाऱ्यानं आपल्या चपला चौथऱ्यावर काढायच्या आणि त्यातली एक उलटी करून ठेवायची. उलटी चप्पल दिसतेय तोवर दाराला हात लावायचा नाही. माणूस वर आला की आपल्या हातानं ती सुलटी करणार आणि अनवाणी चक्कीत जाणार, कारण चक्कीत अन्न असतं, तिथं पायताण चालत नाही. चपला सुलट्या, म्हणजे माणूस वर. मग खुशाल दार उघडावं.

आता उलटी चप्पल म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात आपोआप पुढं जातो. चप्पल उलटी पडली की घरात भांडणं होतात, हे आपल्याला बाळगुटीबरोबरच पाजलेलं असतं. नवी नवरी असताना मी चौथऱ्यावरची उलटी चप्पल पाहिली, चटकन वाकले, आणि सासूबाईंनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात, की माझ्या दोन बांगड्या पिचल्या.

"आगं पोरी," त्या म्हणाल्या, "ती चप्पल न्हवं. त्यो माणूस हाय."

त्या वेळी खाली सासरे होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी संध्याकाळी स्वतः बाजारात नेऊन नव्या बांगड्या भरल्या, आणि त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

आमचे हे फौजेत होते. ते पेन्शनवर घरी आले तोवर सासू-सासरे गेले होते, चक्की बंद पडल्यातच जमा होती, आणि ती तशीच राहू दे म्हणून मी ग्रामदेवतेला नवस बोलून बसले होते. पण यांनी आल्या आल्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून घेतली, चाकाची पाती बदलली आणि खपली गहू दळायला घेतला. तेवढ्यात पुण्या-मुंबईच्या लोकांना थंड पिठाचा शोध लागला. विजेच्या गिरणीत पीठ तापतं, पाण्याच्या चक्कीत तापत नाही, हे सासूबाई जन्मभर फुकट सांगत होत्या, तेव्हा कुणी कान दिला नाही. आता कुरियरनं पिशव्या जातात. माझा नवस देवीनं ऐकलाच नाही.

मी मोटर बसवा म्हणून मागं लागले. दगड तोच राहू दे, भिंती त्याच राहू दे, फक्त ते खाली उतरणं बंद करा.

"मोटर लावली की दगड पळतोय," हे म्हणायचे. "पीठ करपतंय. पाण्याला घाई नसती."

मी म्हणायचे, मला आहे ना घाई, तुम्हाला नीट म्हातारं झालेलं बघायची. त्यावर ते "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" म्हणून हसत सुटायचे. एकच गोष्ट मी त्यांच्याकडून कबूल करून घेतली. खाली गेल्यावर कशालाही हात लावायच्या आधी चाकाच्या पात्यांमधून एक जाड पहार आडवी घालायची आणि भिंतीतल्या खोबणीत अडकवायची. मग दार उघडलं तरी चाक फिरणार नाही. त्यांच्या बापजाद्यांनी असलं काही केलं नव्हतं. त्या पहारेला हे 'बायकोची पहार' म्हणायचे आणि पिठाला आलेल्या गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचे. मी चिडायचे, पण पहार जागेवर आहे की नाही ते रोज बघायचे.

गेल्या हिवाळ्यात माझी आई आमच्याकडं राहायला आली. मिरजेला तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि वाईला एकटी कशी ठेवायची म्हणून मी तिला इकडंच आणलं. आधी तिला दारात आलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. आता तिला सगळं दिसायला लागलं, आणि दिसलेलं सगळं ती नीट करत सुटली. डब्यांची झाकणं, भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर, माझ्या कपाळावरची टिकली. आमचे हे त्याला 'इन्स्पेक्शन' म्हणायचे आणि ती येताना दिसली की सावधानमध्ये उभे राहायचे. ती लाजायची. त्यांच्यासमोर ती अजूनही डोक्यावरून पदर घेते.

तिला सगळ्यात जास्त भीती आमच्या भांडणांची. मी भित्री निघाले ती काही आभाळातून पडून नाही. आम्ही भाजीच्या मिठावरून बोललो तरी ती देवापुढं जाऊन बसायची. चक्कीची रीत मात्र तिला कुणी सांगितली नव्हती. आम्हा सगळ्यांच्या ती इतकी अंगवळणी पडली होती, की ती कुणाला सांगावी लागते हेच डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी पहाटेच कॅनॉलला शेतीच्या पाण्याची पाळी सुटली होती. पाणी काठोकाठ होतं. चक्की चालू केली तर दगड गचके खायला लागला, म्हणजे चाकात काहीतरी अडकलं होतं. हे म्हणाले, उतरतो. मी म्हणाले, पाळी संपू दे, कॅनॉल रिकामा होऊ दे, मग उतरा. एवढं पाणी डोक्यावर घेऊन, एका गंजक्या दाराच्या भरवशावर खाली जायचं म्हणजे काय.

"पिशव्या ठरल्यात," हे म्हणाले. "लोकांना काय सांगू? बायको भितीया म्हणून?"

हे मला लागलं. मग मीही बोलले, तेही बोलले, आवाज चढले. आई पोह्यांची बशी हातात घेऊन बसली होती, तिनं ती खाली ठेवली. मला ते दिसत होतं, तरी मी थांबले नाही. शेवटी हे चहा तसाच टाकून उठले, आणि मी त्यांच्या पाठीवर म्हणाले, "मग राहा त्या खालच्या घरातच. वर येऊच नका."

भांडणात माणूस असलं काहीही बोलतो. दुपारपर्यंत ते विसरायचंही असतं.

धाकटे दीर शेजारीच राहतात. दाराचं काम त्यांच्याकडं असतं. यांनी जाता जाता त्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं. "मी वर आलो, चप्पल सुलटी दिसली, की दोन फेरं उघड. चाक बघू कसं पळतंय." दीर व्हय म्हणाले आणि तोवर घरी जाऊन चहा घेऊन येतो म्हणून गेले. मी चक्कीत जाऊन दगडाभोवतीचं पीठ झाडायला लागले. हाताला काम दिलं की राग उतरतो. आई उन्हाला म्हणून चौथऱ्याकडं गेली. ती रोज तिथं कॅनॉलला दोन फुलं वाहायची, कृष्णेचंच पाणी म्हणून.

झाडता झाडता माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. पहार तिथं उभी होती.

वाटलं, दुसरी कुठली असेल. पण चक्कीत दुसरी पहार नव्हतीच. रागाच्या भरात हे तशीच ठेवून खाली गेले होते. भांडण गेलं चुलीत, आत्ताच्या आत्ता कमानीपाशी जायचं आणि ती पहार त्यांच्या हातात द्यायची, हवं तर पाया पडायचं, असं मनाशी म्हणत मी ती उचलली. जड होती. दोन्ही हातांनी छातीशी धरून मी दाराकडं वळले, आणि नळीतून पाण्याचा आवाज आला.

तो आवाज मी इतकी वर्षं ऐकत आले आहे. आधी घशात अडकल्यासारखा एक हुंकार, मग घरंगळणं, मग धबधब. पहिल्या हुंकारालाच मला कळलं की दार उघडलंय. तरी एक क्षण मी स्वतःची समजूत घातली, की हे वर आले असतील, आता अनवाणी आत येतील. मी चक्कीच्या दारात बघितलं. कुणी नव्हतं.

पाठीमागं दगड हलला.

वरचा दगड आपोआप हललेला मी हजारदा पाहिला असेल. पाणी आलं की तो हलतोच. पण त्या सकाळी तो हळूच, अर्ध्या फेऱ्यापर्यंत सरकला, खालून काहीतरी कट्टकन वाजलं, आणि तो थांबला. चालता दगड दोनच कारणांनी थांबतो. वर दार बंद झालं तर, नाहीतर खाली चाकात काही अडकलं तर. पाण्याचा आवाज तर चालूच होता. आणि पहार माझ्या हातात होती.

हातातली पहार कधी पडली, पायावर कशी पडली नाही, काही माहीत नाही. मी बाहेर आले. समोर चढावर दीर हँडल धरून उभे होते आणि चक्कीकडंच बघत होते. मी ओरडले, पण पाण्याच्या आवाजात ते पोचलं नाही. मग मी धावले. दोन्ही हात वर करून, हलवत, धावले.

दिरांनी मान डोलावली आणि दार अजून वर घेतलं.

हात वर केले की दार वर. मी काय केलं हे मला ते हँडलवर वाकलेले दिसले तेव्हा समजलं. मी जागच्या जागी खाली बसले, आणि दोन्ही तळव्यांनी जमीन बडवायला लागले. खाली, खाली, खाली. खडे तळव्यांत घुसत होते. मी बडवतच राहिले. दिरांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला तिथून दिसलं. त्यांनी हँडल उलटं फिरवायला घेतलं. ते दार झटकन पडत नाही. एकेक फेरा द्यावा लागतो, आणि जुन्या लोखंडाला कसली घाई नसते. पाण्याचा आवाज बारीक होत होत बंद पडेपर्यंत मी जमिनीवरच होते, आणि माझ्या डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं. वर येऊच नका.

मग आम्ही दोघं चक्कीला वळसा घालून ओढ्याकडं धावलो. कमानीतून अजून पाणी येत होतं, गढूळ, झेंडूच्या माळा आणि काळी घाण घेऊन. त्यातून यांचा टॉवेल आला. फौजेतला हिरवा. तो आमच्या समोरून वाहत गेला आणि कुणीच तो धरला नाही. दीर कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि वाकून कमानीत शिरले. मी काठावर राहिले. मला आत जाता आलं नाही. लोक सांगतात की अशा वेळी माणसाच्या अंगात बळ येतं. माझ्या नाही आलं. पाचावर धारण बसली होती, आणि मी त्या काळ्या भोकाकडं बघत नुसती उभी होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. आई पाठीमागून आली आणि काय झालं गं, काय झालं, म्हणून विचारत राहिली. मी तिचा हात धरला, पण तिला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटत होतं.

आधी दीर दिसले, पाठमोरे. मग त्यांनी काखेत धरून ओढलेले हे. सगळं अंग गाळानं काळं, खांद्यावर झेंडूची माळ, एका नडगीवरची कातडी उकललेली. मला वाटलं संपलं. मग ते खोकले. खोकून पाणी टाकलं, पुन्हा खोकले, आणि ओढ्याच्या काठावर पालथे पडून राहिले. मी जाऊन त्यांच्या डोक्याला हात लावला. ते इतके थरथरत होते की माझा हात हलत होता.

"दार कुणी उघडलं रं?" हे म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

दीर चिखलात बसले होते. "दादा, चप्पल सुलटी हुती," ते म्हणाले. "आईच्यान सांगतो. दोनी चपला सुलट्या हुत्या, जोडून ठेवलेल्या. मी म्हटलं दादा वर आला." मग ते रडायला लागले. फौजी घरातला तो आडदांड माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

सुलटी कशी असेल, हे आम्हा तिघांच्याही डोक्यात एकदमच आलं असावं. तेवढ्यात माझी आई डोळे पुसत पुढं आली. तिच्या तोंडावर सुटकेचं हसू होतं.

"सरळ असणारच," ती म्हणाली. "मीच केली. सकाळी बघते तर एक चप्पल उलटी, आणि घरात तसलं भांडण झालेलं. मला बाई चैन पडेना. लगेच सरळ केली, दोन्ही जोडून ठेवल्या, आणि कृष्णामाईला हात जोडले, म्हटलं माझ्या लेकीच्या घरावर काही येऊ देऊ नकोस. म्हणून वाचले जावईबापू. नाहीतर आज काय झालं असतं, बघ बरं."

दिरांनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं. आणि यांनी पालथं पडल्या पडल्या आपला चिखलाचा हात उचलला आणि तळवा हळूच खाली दाबला. दार बंद. दिरांचं तोंड मिटलं.

"व्हय, आई," हे म्हणाले. "तुमच्यामुळंच वाचलो."

आईनं पदर सावरला आणि लगबगीनं हळद-दूध करायला घरात गेली.

यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. दवाखान्यात नडगीला टाके घातले, छातीला पट्टा बांधला. खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, पहार तर वर होती, मग चाक कशानं अडलं.

"कमानीपतुर गेलो, मग आठवलं," ते म्हणाले. "तुझ्याकडं परत मागायला यायची लाज वाटली. भावाच्या दारात त्याची पहार पडली हुती, ती उचलली."

"रागावला होतात ना?"

"रागावलो म्हणून काय शब्द मोडायचा व्हय?"

मी त्या दिवसात रडले ती तेव्हाच. पाणी गळ्याशी आलं तेव्हा ते त्या आडव्या पहारेलाच मिठी मारून राहिले होते, हेही तेव्हा कळलं. चाक फिरलं असतं तर पात्यांनी त्यांना भिंतीशी चेपलं असतं. बोलताना त्यांना धाप लागत होती, तरी त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी ऐकलं. "मोटर बसवू," असंही म्हणाले. अजूनही म्हणतात, बसवू. मी आता त्यावर भांडत नाही, भांडायची मला भीती वाटते.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. तसं ठरवलं नव्हतं. दीर एकदा माझ्याकडं येऊन म्हणाले, "वयनी, माझ्या जिवाला लागलंय. निदान घरात तरी खरं काय ते म्हणू द्या." मी त्यांना मागच्या पडवीत नेलं आणि म्हटलं, भावजी, म्हणा, माझ्याजवळ म्हणा, हवं तेवढ्या वेळा म्हणा. ते तिथं उभे राहून म्हणाले, चप्पल सुलटी हुती. मी म्हटलं, होती. तेव्हापासून त्यांनी हँडलला हात लावलेला नाही. दार आता मी उघडते. त्याला मी एक मोठं कुलूप आणून घातलं आहे आणि किल्ली माझ्या कमरेला असते. तरीही खाली जाताना हे चप्पल उलटी करतातच. मी म्हटलं, आता कुलूप आहे की. ते म्हणाले, कुलूप तुझ्या समाधानाला, चप्पल माझ्या.

आई वाईला परत गेली. डोळे उत्तम आहेत. जाताना तिनं यांच्या चपलांना हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि हे ओशाळून उभे राहिले. रोज सकाळी देवपूजा झाली की तिचा फोन येतो. पाऊसपाणी, भाजी काय केली, आणि मग तिचा खरा प्रश्न.

"जावईबापूंच्या चपला सरळ आहेत ना गं?"

बहुतेक दिवशी त्या असतात. पण पाळी चालू असली, दगडानं गचके खाल्ले, आणि हे उतरले, की मी चौथऱ्यावर जाऊन बसते. घरातलं काम घरात राहतं. ते वर येऊन दिसेपर्यंत मी उठत नाही. किल्ली मुठीत असते, पाठीमागं कॅनॉल काठोकाठ वाहत असतो, आणि समोर ती उलटी चप्पल असते, झिजलेल्या टाचेची. नेमका तेव्हा फोन वाजतो.

"आहेत ना सरळ?"

"आहेत, आई."

"अशी बसल्या जागेवरून सांगू नकोस. हात लावून बघ."

मी वाकते आणि उलट्या चपलेवर तळवा ठेवते. जोरात, खाली दाबून ठेवते.

"लावलाय हात," मी म्हणते, आणि हे वर येईपर्यंत तो काढत नाही.